मदत हवी आहे: डी ड्राइव्हला धक्का न लावता हार्ड डिस्क जीपीटी करता येईल का?

नमस्कार मंडळी, मी कळव्याला राहते. घरच्या डेस्कटॉपवर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ कोरं टाकायला घेतलं. सी निवडलं तर सेटअप म्हणतो, डिस्क एमबीआर (पार्टिशन म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे, जीपीटी (नवी पद्धत) हवी.

डेटा न जाता बदलून देणारं विंडोजचं एमबीआर-टू-जीपीटी टूल चालवलं, तेही अडलं. ते जास्तीत जास्त ३ आणि सगळी प्रायमरी (थेट डिस्कवरची) पार्टिशन असतील तरच चालतं. आमचं डी लॉजिकल (दुसऱ्या पार्टिशनच्या आत केलेलं) आहे. विंडोजच्या डिस्कपार्ट टूलमधली 'क्लीन' ही कमांड तर अख्ख्या डिस्कचीच पार्टिशन उडवते, सी-डी असा भेद करत नाही.

आणि डीमध्ये बाबांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आहेत, साधारण ३८० जीबी. प्रत्येक फोल्डरला त्यांनी स्वतः नाव दिलंय: कार्तिकी एकादशी, खारेगाव; दत्तजयंती, विटावा. बाबा आता नाहीत. यातली एकही फाइल मला गमवायची नाही.

५०० जीबीची बाहेरची डिस्क आहे, पण कॉपी करताना मध्येच कट-कट वाजून थांबते. तिच्या भरवशावर क्लीन करायला हात धजत नाही.

लॉजिकलचं प्रायमरी करून कोणी रूपांतर केलंय का? की नवी एसएसडी घेऊन विंडोज तिच्यावर टाकू, आणि तोवर जुन्या डिस्कची केबल काढून ठेवू? ठाणे स्टेशनजवळ खात्रीने कॉपी करून देणारं कोणी असेल तर तेही सांगा.