मेथीच्या रोपांचा अतिनील डोस: जेन घेऊ की पीजी?

शेतकी_एमएस्सी
नमस्कार. पुण्यात मेथीच्या रोपांवर यूव्ही-बीचा (अतिनील किरणांचा एक पट्टा) प्रयोग चालू आहे. ३१३ नॅनोमीटरचे फ्लुरोसंट दिवे, त्यांवर सेल्युलोज डायॲसिटेटचा कागद (यूव्ही-बी जाऊ देणारा), तुलनेच्या कंट्रोल रोपांना पॉलिएस्टर (यूव्ही-बी अडवणारा). दिव्याखालचा आणि गच्चीवरच्या भर दुपारच्या उन्हाचा, दोन्ही वर्णपट (कुठल्या तरंगलांबीला किती ऊर्जा) घेतलेत. आर या संगणकभाषेतलं फोटोबायॉलॉजी-वेवबँड्स पॅकेज वापरून भारांकित डोस काढते, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला रोपावरच्या परिणामाप्रमाणे वजन देऊन बेरीज. वजनांचं जेन.जी (म्हणजेच जेन) हे फलन लावलं की दिवा उन्हाला भारी पडतो, पीजी हे दुसरं लावलं की ऊन दिव्याला. वर्णपट तेच, कोडची एकच ओळ बदललेली! गाईड सर म्हणतात, जुन्या पेपरांत जेन आहे, तेच ठेव. पण उद्या कुणी विचारलं की रोपांना नक्की किती दिलंस, तर मला छातीठोक सांगता आलं पाहिजे.

गच्चीबाग
ताई, साधा यूव्ही इंडेक्सचा मीटर नाही का चालणार? स्वस्तात काम होईल.

वर्णपट
नाही चालणार. इंडेक्स माणसाच्या त्वचेच्या लालीवर बेतलेला आहे. त्या भारांकनाचे २५ मिलिवॉट प्रति चौ. मीटर म्हणजे इंडेक्स १. पानाचा हिशेब वेगळा. आणि मीटर उन्हासाठी जुळवलेला असतो, दिव्याखाली तो भलतंच दाखवेल.

शेतकी ताई, तुमचा कोड बरोबर आहे, फरक खरा आहे. जेन हा काल्डवेल यांचा १९७१ चा, वनस्पतींसाठीचा भारांकन वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार वजनांची वक्ररेषा. ग्रीन यांच्या १९७४ च्या सूत्रात तो ३१३.३ नॅनोमीटरला शून्य होतो. पीजी हा फ्लिंट आणि काल्डवेल यांचा, २००३ चा, ओटच्या वाढीवरून काढलेला, पार ३९० पर्यंत जाणारा. ३५० ला त्याचं वजन ३०० च्या जेमतेम २ टक्के. पण उन्हात ३५० च्या आसपास ऊर्जेचा पूर असतो, म्हणून ते २ टक्केसुद्धा बेरजेत जड होतात. दिव्यात तो भाग जवळपास नाहीच. म्हणून पारडं फिरतं.

वाढ मोजत असाल तर माझं मत पीजी. जेनसुद्धा द्या, जुन्या कामाशी तुलना करायला. मात्र ‘इतके किलोज्यूल’ एवढंच कधीही लिहू नका. फलनाचं नाव हवं, आणि वजन १ कुठल्या तरंगलांबीला धरलं तेही हवं. जेन.जी २८० ऐवजी ३०० ला सामान्यीकृत केलं (वजन १ तिथे धरलं) की तोच डोस साडेचारपटीहून मोठा दिसतो. वेगवेगळ्या पेपरांतले आकडे शेजारी ठेवून लोक निष्कर्ष काढतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कष्टाचे प्रयोग वाया जातात.

वर्णपट कशाने घेतलात?

शेतकी_एमएस्सी
ॲरे स्पेक्ट्रोमीटरने (सगळ्या तरंगलांबी एकदम मोजणारं उपकरण). उन्हाच्या वर्णपटात २८५ लाही थोडं काहीतरी दिसतंय.

वर्णपट
ते ऊन नव्हे, उपकरणातला भरकटलेला प्रकाश. जमिनीवरचं ऊन २९० च्या पुढेच सुरू होतं. जेनमध्ये २८५ चं वजन ३०० च्या तिपटीहून जास्त, म्हणजे तो कचरा तिपटीहून जास्त होऊन बेरजेत येतो. आधी तो दुरुस्त करा. मग टीयूव्ही या, जमिनीवरचं अतिनील ऊन गणिताने काढणाऱ्या मॉडेलमध्ये पुण्याचे अक्षांश, तारीख, वेळ आणि ओझोन घालून निरभ्र दिवसाचा वर्णपट काढा आणि तुमच्या मोजमापाशी ताडून बघा.

शेतकी_एमएस्सी
फार उपकार झाले. पानांतले फ्लॅव्होनॉइडही (वनस्पतींतली एक प्रकारची संयुगं) मोजतेय, तिथेही पीजीच?

वर्णपट
त्यासाठी पॅकेजमध्ये फ्लॅव हे वेगळं फलन आहे, इब्दाह आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या कामावरचा. तो मेसेंब्रायँथेमम या दुसऱ्याच वनस्पतीवर काढलेला आहे, मेथीवर नाही. तेवढं प्रबंधात स्पष्ट लिहा आणि खुशाल वापरा. दुरुस्त केलेला वर्णपट इथे टाका, मीही चालवून बघतो.