मदत हवी आहे : ही घार, हॅरियर की आणखी कोणी?

नमस्कार मंडळी. रविवारी पहाटेची हार्बर लोकल पकडून शिवडीला गेलो होतो. सगळे फ्लेमिंगोंच्या मागे, मला मात्र शिकारी पक्ष्यांचं वेड. घारी भरपूर मिळाल्या (मुंबईत त्यांना काय तोटा!), एक ब्राह्मणी घारही खारफुटीवर बसलेली मिळाली, पांढरं डोकं आणि विटकरी अंग, चुकायचं कारणच नाही.

घोळ पुढच्या पक्ष्याचा आहे. गडद तपकिरी, चिखलावरून अगदी खालून उडत होता. शेपटी घारीसारखी दुभंगलेली नव्हती, गोल होती. म्हणून आधी मार्श हॅरियरची (पाणथळ जागी खालून उडत शिकार करणारा पक्षी) मादी वाटली. पण तिचं डोकं फिकट पिवळसर हवं ना? फोटोत ते दिसतच नाही. शिवाय तरंगताना पंख वर उचलून इंग्रजी व्ही-सारखे धरले होते की सपाट, हे मी बघितलंच नाही, नुसतं बटण दाबत बसलो. ब्राह्मणी घारीचं पिल्लूही तपकिरी आणि गोल शेपटीचंच असतं, म्हणून जास्त गोंधळ. फक्त पंखांवरून आणि चोचीवरून सांगता येईल का?

दुसरं म्हणजे, उजळ आभाळासमोर सगळे पक्षी काळे ठिक्कर आले. १००-४०० लेन्स, शटर १/२०००, आयएसओ ऑटो. एक्स्पोजर किती वाढवता तुम्ही? एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) पुरतो?

आणि भरतीच्या किती आधी पोचावं? मी पोचलो तोवर बराचसा चिखल पाण्याखाली गेला होता. फोटो खाली टाकतो, हसू नका.