मदत हवी आहे: अँटिबायोटिकनंतर कुत्रीचं पोट बिघडलंय

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. आमच्या मुधोळ कुत्रीला जखमेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तेव्हापासून पोट ठिकाणावर नाही. शी पातळ, वर शेंबडासारखा चिकट थर. पाणी पिते, खेळते, पण दूध-भाकरी नुसती हुंगून बाजूला होते. जंताचं औषध झालंय. डॉक्टरांनी आता प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जंतूंचं औषध) सुचवलंय. एन्टेरोकॉकस फेसियम हे जिवाणू असलेली कुत्र्यांची पावडर बेळगावात कुठं मिळेल? की माणसांची सॅकरोमायसिस बुलार्डीची पाकिटं चालतील? ते यीस्ट, अँटिबायोटिकनं मरत नाही. पण त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलं तर कुत्र्याला विषच, म्हणून हात धजत नाही. आई म्हणते ताक द्या. मला तर दुधाचीच शंका येते. वजन २२ किलो. कुणी प्रोबायोटिक दिलं असेल तर किती आणि किती दिवस, तेवढं सांगा. लई काळजी लागलीय.