किचनच्या दारांना आतून पण सनमायका लावावा का? मदत हवी आहे

नमस्कार राजेहो, दारव्ह्याजवळ गावात आमच्या घराचं काम सुरू आहे, ओट्याखालच्या दारांचं माप झालं आणि आता सनमायक्यावर गाडी अडली. मिस्त्री म्हणून राहिला की १८ एमएम प्लायला बाहेरून १ एमएमचा चिकटवतो, आतून ऑइल पेंट मारून देतो, आतलं कोण पाहते. माणूस हाताचा पक्का आहे, सागाच्या चौकटी त्यानंच केल्या, म्हणून त्याला तोडून बोलवत नाही. पण शेजारच्या काकूच्या आलमारीला असंच केलं होतं, तर मे महिन्यात दोन्ही लांब दारं धनुष्यासारखी वाकली, वरचा खालचा कोपरा बाहेर आला अन आता कडीच लागत नाही.

मला समजलं ते असं, सनमायका म्हणजे शेवटी कागदच, खाली फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट पेपरचे थर, वर मेलामाइन रेझिनमधला डिझाइनचा कागद, अन हे सगळं गरम प्रेसमध्ये जबरदस्त दाबून एकजीव करतात. मग कोरड्या हवेत तो आकसणार, पावसाळ्यात फुगणार. आपल्याकडे मे मध्ये ४५ डिग्री अन जुलैत भिंतीला ओल, एकाच बाजूला लावला तर प्लायला ओढणारच ना?

आतून ०.८ एमएमचा लायनर, म्हणजे आतल्या बाजूला लावायचा साधा पातळ सनमायका, पुरते का? अन काकूची दारं आता आतून लायनर लावून सरळ होतील का, त्या रोज विचारतात.

उत्तर:
भाऊ, आतून लावाच, यात पैसे वाचवू नका. पेंटनं ती ओढ बरोबरीत येत नाही. ओट्याखालच्या छोट्या दारांना ०.८ चालते, आलमारीच्या उंच दारांना मात्र दोन्हीकडून सारख्याच जाडीचा घ्या, अन दोन्ही शीटची लांबी एकाच दिशेनं ठेवायला सांगा कारण शीट लांबीपेक्षा रुंदीत जास्त हालते. चिकटवायच्या आधी शीट अन प्लाय दोन दिवस एकाच खोलीत पडू द्या, उन्हातून आणलेली शीट लगेच लावू नका. कडा चारही बाजूंनी बंद करा, खालची पण, पाणी तिथूनच शिरते.

काकूची दारं लायनरनं सरळ होतील याचा भरवसा नाही, वाकलेला प्लाय तसाच राहतो बहुतेक. दारं नवीन करणंच बरं, चौकट अन कप्पे तेच ठेवा.

सिंकखाली कोणता प्लाय घेतला? तिथं आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्या.