धक्का न लागता खेळाडू कोसळला तर? बडोद्याच्या मैदानांसाठी अनुभव धागा

धागा उघडताना

१२ जून २०२१. युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड, मैदान कोपनहेगनचं. पहिलं सत्र संपायला थोडीच मिनिटं उरली असताना थ्रो-इनचा चेंडू घ्यायला आलेला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता तोंडावर पडला. हृदय थांबलं होतं. तिथेच सीपीआर झाला, म्हणजे हातांनी छाती दाबून रक्त फिरवत ठेवलं, डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, एक शॉक बसला आणि स्ट्रेचरवरून बाहेर जाताना तो शुद्धीवर होता. आठ महिन्यांनी तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून पुन्हा मैदानात उतरला.

आता आपल्याकडचं बघा. शाळांच्या स्पर्धा, कंपन्यांच्या लीग, पस्तिशी ओलांडलेल्यांचे रविवारचे सामने. आणि मदतीला काय, तर बर्फाची पिशवी, दुखीचा स्प्रे आणि एक क्रेप बँडेज. ज्यांचं रोजचं काम या विषयाशी आहे त्यांनी लिहावं. ‘मी तिथे होतो तेव्हा’ छापाचे किस्से नकोत. काय करायचं, कशाने करायचं आणि कुठे फसतं, एवढंच.

क्रीडा फिजिओ, अलकापुरी

खरी गोम ओळखण्यात आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. नियम सोपा: धक्का न लागता पडला आणि हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, तर हृदय थांबलंय असं धरूनच हात चालवायचे. नंतर तो नुसता चक्कर येऊन पडला होता असं निघालं तर काही बिघडत नाही. दाब पडू लागले की तो स्वतःच हात झटकेल.

तीन गोष्टी हमखास चकवतात. डोळे उघडे असू शकतात. हातापायांना झटके येऊ शकतात, कारण मेंदूला रक्त पोचत नसतं. लोक ती फिट समजतात आणि कुणीतरी नाकाला चप्पल नाहीतर कांदा लावतो. तिसरी सगळ्यांत वाईट: आचके. घशातून घरघर करत, मध्येच थांबत, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं तोंड उघडतं आणि मिटतं. ‘श्वास चालू आहे, घाबरू नका’ म्हणत सगळे उभे राहतात. तो श्वास नव्हे. छाती नेहमीच्या लयीत वरखाली होत नसेल तर श्वास नाही असंच समजा. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात.

‘जीभ गिळली’ हे तर प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. जीभ गिळता येत नाही. ती सैल पडून मागे सरकते. कपाळावर हात ठेवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होते. तोंडात बोटं घालून जीभ ओढायला गेलात तर बोटं चावली जातात आणि त्यात मिनिट जातं.

मग सीपीआर. उताणा करा, छातीच्या बाजूला गुडघे टेका. एका तळव्याची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, जोर खांद्यातून. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला दोनला जरा कमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो आणि हृदयात रक्त भरतच नाही. शिकलेले असाल तर ३० दाबांमागे २ श्वास, नसाल तर नुसते दाब. दर २ मिनिटांनी माणूस बदला. ‘मी दमलो नाही’ म्हणणाऱ्यालाही बदला, कारण दाब उथळ होतात ते देणाऱ्याला कळतच नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झालेला असतो. पाठ खाली रुतली की दाब छातीऐवजी मातीत जातो. दोन पावलांवर कडक जागा असेल तर ओढून घ्या, नाहीतर तिथेच सुरू करा. गुबगुबीत स्ट्रेचरवर मात्र दाब देऊ नका.

रेफरी

चेंडू बाहेर जाण्याची वाट बघू नये. बिनधक्क्याचा खेळाडू पडलेला दिसला की त्याच क्षणी शिट्टी, त्याच क्षणी डॉक्टरांना आत येण्याची खूण. एरिक्सन पडला तेव्हा त्या सामन्याचे रेफरी अँथनी टेलर यांनी हेच केलं. आपल्याकडे रेफरी आधी ‘नाटक करतोय का’ हे ठरवायला जवळ जातो, मग कार्डाकडे हात, मग मदत. नाटक करणारा पडताना हात पुढे टाकतो. हृदय थांबलेला पोत्यासारखा पडतो, चेहरा सरळ गवतात.

डेन्मार्कच्या खेळाडूंनी कडं केलं ते पाठ आत, तोंड बाहेर असं. मोबाइल आडवे धरणाऱ्यांना काही दिसलं नाही आणि डॉक्टरांना जागा मिळाली. हे कर्णधारांना नाणेफेकीच्या वेळीच सांगून ठेवता येतं.

१०८ रुग्णवाहिकेवर काम करणारा

फोनवर ‘ग्राउंडवर या, जल्दी’ एवढंच सांगितलं जातं. मैदानाला चार बाजू असतात. कोणतं गेट, ते कोणत्या रस्त्यावर उघडतं, शेजारी ठळक काय आहे, आणि ‘श्वास नाही, सीपीआर चालू आहे’ हे शब्द. फोन स्पीकरवर ठेवून खाली ठेवा. समोरचा सूचना देत राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एक पोरगा रस्त्यावर पळवा, हात हलवायला.

आता तक्रार. मोठं गेट कुलूपबंद, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. छोट्या दारातून गाडी जात नाही आणि त्याच्या तोंडाशी स्कूटींची रांग. नवरात्रीत मोठ्या गरब्याला गाडी जाण्याची वाट राखतात, मग स्पर्धेच्या दिवशी राखायला काय हरकत? सामना सुरू होण्याआधी मोठं गेट उघडं आणि समोरची जागा रिकामी, याला एक पैसा लागत नाही.

खाजगी गाडीत घालून पळवू नका. मागच्या सीटवर सीपीआर होत नाही. रावपुऱ्याच्या गर्दीतून सयाजी हॉस्पिटल गाठेपर्यंत जी मिनिटं जातात, ती सगळी रक्तपुरवठ्याशिवाय जातात.

बायोमेडिकल इंजिनिअर, मकरपुरा

एईडीबद्दल लिहितो, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, बोलून सूचना देणारा डिफिब्रिलेटर. हे यंत्र बंद पडलेलं हृदय ‘चालू’ करत नाही, हे आधी डोक्यात बसवा. हृदयाचा खालचा कप्पा नुसता थरथरत असतो, ती थरथर शॉक थांबवतो, मग हृदयाची स्वतःची लय परत यायला संधी मिळते. थरथर नसेल तर यंत्र ‘शॉकची गरज नाही’ म्हणतं. याचा अर्थ माणूस ठीक आहे असा नाही! श्वास नसेल तर लगेच दाब परत सुरू. इथे फार जण थांबतात.

वेळेचं गणित असं: सीपीआर नसेल तर शॉकला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून पडल्यापासून ३ मिनिटांच्या आत पहिला शॉक, हे लक्ष्य. ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं लाखाचं यंत्र शोभेचं आहे. ते राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी हवं.

झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की ते बोलायला लागतं. जर्सी कात्रीने गळ्यापासून खाली कापा, डोक्यावरून काढत बसू नका. आत जीपीएसचा पट्टा-बनियन असेल तर तोही कापा. छाती टॉवेलने खरखरून पुसा. शॉक देणारं पॅड घामावर चिकटत नाही. केस दाट असतील तर रेझरचे दोन-चार फटकारे, फक्त पॅडच्या जागी. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेच्या खाली बरगड्यांच्या बाजूला. दुसरं पॅड नेहमी फार पुढे, स्तनाग्राजवळ चिकटवलं जातं. ते काखेकडे न्या, हृदय दोन्ही पॅडच्या मधे यायला हवं. पॅड लावताना दुसऱ्याने दाब चालूच ठेवायचे. यंत्र ‘हात लावू नका’ म्हणेल तेवढेच हात वर. शॉक बसला की नाडी न बघता पुन्हा दाब, २ मिनिटं, मग यंत्र परत तपासेल.

पिशवीत एईडीसोबत हवं: कपडे कापायची जाड कात्री, रेझर, टॉवेल, हातमोजे, श्वासासाठी पॉकेट मास्क आणि पॅडचा दुसरा जोड. पॅडवर तारीख असते. आतली जेल वाळते. बहुतेक यंत्रं ५० अंशांपर्यंतच ठेवायची असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या पुढे जाते. डिकीत ठेवलेलं यंत्र ऐनवेळी चालेल याची मी हमी देणार नाही. हिरवा दिवा किंवा बरोबरची खूण दर सामन्याआधी बघायची, बस.

मुलींच्या संघाची कोच

वरच्या पोस्टमध्ये एक भर. मुलगी पडली की लोक जर्सीला हात लावायला कचरतात आणि पॅड कपड्यावरून लावतात. चालत नाही. स्पोर्ट्स ब्राही कापायची, पॅड उघड्या त्वचेवरच. कडं आहेच की आडोशाला! शिवाय अंगावर टॉवेल टाकता येतो, पॅडना त्याचा त्रास नाही.

सरावाच्या दिवशी एकदा घड्याळ लावून बघा: सांगकाम्या मुलाला कोपऱ्याच्या झेंड्यापाशी झोपवा आणि बाकावरून यंत्र पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. ठरवून ठेवा, नावानिशी: दाब कोण देणार, यंत्र कोण आणणार, फोन कोण करणार, गेटवर कोण पळणार. ‘कुणीतरी १०८ला फोन करा’ म्हटलं की दहा जण फोन काढतात आणि त्यातले नऊ शूटिंग करतात.

परिचारिका, आयसीयू

जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीची गोळी? बेशुद्धाला तोंडाने काहीच नाही. गोळी नाही, पाणी नाही, ग्लुकोजही नाही. सॉर्बिट्रेटने रक्तदाब आणखी पडतो.

आणि शुद्ध आली तर पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका. कुशीवर करा, श्वासावर डोळे ठेवा. हृदय परत थरथरू शकतं. पडल्याची वेळ, शॉक किती बसले आणि तो परत कधी बोलला, हे कुणीतरी हातावर पेनाने लिहून घ्या. हॉस्पिटलात पहिला प्रश्न तोच असतो.

क्रिकेटवाला

बडोद्यात क्रिकेटबद्दल कुणी बोललं नाही तर कसं! बिनधक्क्याच्या नियमाला एक अपवाद: छातीवर चेंडू लागून लगेच पडलेला मुलगा. दोन ठोक्यांमधल्या नेमक्या क्षणी फटका बसला तर चांगलं हृदयही थरथरायला लागतं. लहान मुलांची छाती लवचिक, त्यामुळे त्यांना धोका जास्त. ‘श्वास अडकला असेल’ म्हणून पाठीवर थापट्या मारू नका. उठत नाही, श्वास नाही, तर वरचंच सगळं.

हृदयरोगतज्ज्ञ, फत्तेगंज

‘आधी तपासणी केली तर हे टळेल ना?’ हा प्रश्न येणारच. काही अंशी. इटलीत १९८२पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे आणि त्याचा तिथे फायदा दिसला. दुसरी बाजूही ऐका. इंग्लंडमध्ये १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोसह (हृदयाची सोनोग्राफी) तपासणी झाली. ४२ जणांमध्ये गंभीर आजार सापडला, ही कमाई मोठीच. पण पुढे हृदयविकाराने अचानक गेलेल्या ८ जणांपैकी ६ जणांची तपासणी नॉर्मल आली होती. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार कधीकधी सोळाव्या वर्षी दिसत नाही, विशीत दिसतो. म्हणून एकदा काढलेला ईसीजी फाइलला लावून निश्चिंत होणं मला पटत नाही.

तरुणांत कारणं बहुतेक जन्मजात किंवा आनुवंशिक: स्नायूची जाडी, उजव्या कप्प्याचा स्नायू झिजणं, धमनीचा चुकीचा उगम, विद्युतप्रवाहातले दोष. २००३मध्ये लियॉनला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए सामन्याच्या ७२व्या मिनिटाला कोसळला आणि गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचं पुढे आलं. पस्तिशीनंतर मात्र कारण बहुतेक वेळा धमनीतला अडथळा, आणि आपल्याकडे तो लवकर येतो. सकाळच्या सामन्याआधी सिगरेट आणि सामन्यानंतर सेव-उसळ, अशा संघांनी तपासणी मनावर घ्यावी.

खेळाडूला तीन गोष्टी विचारा. धावताना, म्हणजे थांबल्यावर नव्हे, कधी शुद्ध हरपली का? श्रमाने छातीत दुखतं का? घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, बुडून किंवा अनाकलनीय अपघातातही? एकालाही ‘हो’ आलं तर ईसीजी आणि इको होईपर्यंत खेळ बंद. तापात सामना खेळू नये. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं तर साधारण ३ ते ६ महिने विश्रांती आणि पुन्हा तपासून मगच मैदान.

फिजिओ, परत

डॉक्टरसाहेब, एप्रिलच्या सामन्यांसाठी एवढं जोडतो. उष्माघाताचाही खेळाडू बिनधक्क्याचा पडतो, पण तो श्वास घेत असतो. अंग भाजत असतं, बरळतो, कपडे ओढतो. त्याला तिथेच बर्फाच्या पाण्यात बसवा, टब नसेल तर बर्फाचे ओले टॉवेल मान, काखा, जांघेत आणि सतत बदला. आधी थंड, मग हॉस्पिटल. श्वास नसेल तर मात्र बर्फ बाजूला, आधी छाती.

वाचक

किती वेळ दाब द्यायचे? २०-२५ मिनिटं होऊनही गाडी आली नाही तर?

१०८वाला

आमच्या हाती सोपवेपर्यंत. २०१२मध्ये लंडनला सामन्यात कोसळलेल्या फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बाचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नव्हतं, १५ शॉक बसले, तो वाचला. तिथे सुरुवातीपासून एकही मिनिट दाब थांबले नव्हते आणि प्रेक्षकांतला एक हृदयरोगतज्ज्ञ मैदानात उतरला होता, हेही लक्षात घ्या. थांबायचं कधी हे ठरवणं डॉक्टरचं काम, मैदानावरच्या माणसाचं नाही.

वाचक

आणि आयसीडी, म्हणजे आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र, छातीत बसवलेला खेळाडू असेल तर? शॉक द्यायचा?

हृदयरोगतज्ज्ञ

द्यायचा. त्याचं आतलं यंत्र काम करत असतं तर तो उठला असता. डाव्या गळपट्टीखाली, क्वचित उजवीकडे, काडेपेटीएवढा उंचवटा दिसेल. पॅड त्यावर चिकटवू नका, चार बोटं सोडून लावा. दाब देणाऱ्याला आतल्या शॉकचा झटका जाणवला तरी इजा होत नाही. असा खेळाडू खेळू शकतो का, हे देशागणिक बदलतं. आयसीडीमुळे एरिक्सनला इटलीत खेळता येईना, म्हणून त्याला तिथला इंटर क्लब सोडावा लागला. नेदरलँड्सचा डेली ब्लिंड आयसीडी घेऊन अयाक्सकडून खेळला. आपल्या स्थानिक लीगमध्ये असा कुणी असेल तर त्याने संघाच्या फिजिओला यंत्राची बाजू आणि कार्ड कुठे ठेवलंय हे सांगून ठेवावं, आणि यंत्राला मार लागू नये म्हणून छातीवर जाड अस्तराची बनियन घालावी.