मदत हवी आहे: लिंक हेल्पर आधीच एन्कोड केलेला पत्ता पुन्हा एन्कोड करतो, फक्त तेवढेच कसे थांबवावे?

नमस्कार.

आमच्या वेब ॲप्लिकेशनच्या टेम्प्लेटमध्ये लिंकसाठी फ्रेमवर्कचा हेल्पर (तयार फंक्शन) वापरला जातो. त्याला पत्ता आणि मजकूर दिला की तो अँकर टॅग तयार करतो आणि दोन कामे आपोआप उरकतो: पत्त्यातील स्पेस, देवनागरी अक्षरे आणि टक्क्याचे चिन्ह यांचे पर्सेंट-एन्कोडिंग करतो (चिन्हाऐवजी टक्का आणि त्याचा कोड लिहितो) आणि त्यानंतर अँपरसँड (&) व अवतरणचिन्हे एचटीएमएलसाठी एस्केप करतो (त्यांच्या जागी एंटिटी, म्हणजे एचटीएमएलचे सांकेतिक रूप, लिहितो). ॲप्लिकेशनमधल्याच पानांच्या लिंकबाबत आमची काही तक्रार नाही.

अडचण आहे ती फाइली साठवणाऱ्या सेवेकडून मिळणाऱ्या स्वाक्षरीयुक्त (पत्ता बदललेला नाही हे तपासण्याची खूण जोडलेल्या) डाउनलोड पत्त्यांची. ते पत्ते एन्कोड होऊनच येतात, म्हणजे फाइलच्या नावातील स्पेस तिथे %२० अशी असते. हेल्पर त्यातील टक्क्याच्या चिन्हाचेच %२५ करतो, त्यामुळे पानावर %२५२० उमटते. समोरचा सर्व्हर ते एकदाच डीकोड करतो, उरलेले %२० फाइलच्या नावाचाच भाग समजतो, स्वाक्षरी जुळत नाही आणि ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) परत येतो.

पानाच्या सोर्समध्ये अँपरसँडच्या जागी एचटीएमएल एंटिटी दिसते, पण दोष तिचा नाही. ॲट्रिब्यूट वाचताना ब्राउझर ती पूर्ववत करतो. म्हणून हे दुसरे एस्केपिंग आम्हाला ठेवायचेच आहे.

हेल्परला 'एस्केप करू नये' असा पर्याय देता येतो, मात्र त्याने दोन्ही कामे एकदमच बंद होतात. मग पत्त्यात दुहेरी अवतरणचिन्ह आले, तर ॲट्रिब्यूट तिथेच संपते आणि पुढचा मजकूर टॅगमध्ये घुसतो. हा धोका पत्करण्याची आमची तयारी नाही. टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक दिसले की पत्ता एन्कोड केलेला समजावा, अशीही एक सूचना आली; पण फाइलच्या मूळ नावातच %२० ही तीन चिन्हे असतील, तर हा अंदाज चुकेल.

एचटीएमएल एस्केपिंग कायम ठेवून केवळ पर्सेंट-एन्कोडिंग थांबवण्याची रूढ पद्धत कोणती, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

अंदाजाचा मार्ग आपण नाकारलात, ते योग्यच केले. नुसत्या स्ट्रिंगकडे पाहून ती कच्ची आहे की एन्कोड केलेली, हे ठरवता येत नाही. ती माहिती स्ट्रिंगसोबतच यावी लागते. त्यासाठी एन्कोड केलेल्या पत्त्याचा कोडमध्ये वेगळा टाइप (डेटाचा प्रकार) करावा. साधी स्ट्रिंग आली तर हेल्परने दोन्ही कामे करावीत आणि हा टाइप आला तर फक्त एचटीएमएल एस्केपिंग करावे. रेल्स या वेब फ्रेमवर्कने २०१० मध्ये आवृत्ती ३ पासून एचटीएमएलच्या बाबतीत हीच वाट धरली: सुरक्षित म्हणून खूण केलेली स्ट्रिंग वेगळी आणि बाकी सर्व आपोआप एस्केप.

पर्सेंट-एन्कोडिंग पत्ता जोडतानाच, एकेका भागावर व्हायला हवे. पूर्ण पत्ता तयार झाल्यावर त्यातला अँपरसँड दोन पॅरामीटर वेगळे करतो आहे की एखाद्या पॅरामीटरच्या मूल्याचा भाग आहे, हे कोणालाच ओळखता येत नाही. मूल्यातला अँपरसँड आधीच %२६ झालेला असायला हवा. पाथच्या तुकड्यातील तिरप्या रेघेचेही तसेच आहे: जँगो या वेब फ्रेमवर्कच्या 'यूआरएलएनकोड' फिल्टरमध्ये ती मुळात तशीच सोडली जाते आणि तीही एन्कोड करायची असेल, तर फिल्टरला रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. एचटीएमएल एस्केपिंग केले तरी 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारा पत्ता अडत नाही, कारण त्यात एस्केप होण्याजोगे एकही चिन्ह नसू शकते. म्हणून नवा टाइप तयार करतानाच 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' वगळता बाकीच्या योजना (पत्त्याच्या सुरुवातीचे, अपूर्णविरामाआधीचे शब्द) नाकाराव्यात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. टाइपची कल्पना लगेच अमलात आणतो. एक उपप्रश्न आहे: हेच पत्ते साध्या मजकुराच्या ईमेलमध्येही जातात. तिथेही हेल्परचाच परिणाम वापरावा का?

प्रतिसाद

नाही. साध्या मजकुरात एंटिटी कोणी पूर्ववत करत नाही, त्यामुळे पुढच्या पॅरामीटरच्या नावाला 'एएमपी' आणि अर्धविराम चिकटून सर्व्हरकडे जाईल. तिथे टाइपमधील मूळ पत्ता जसाच्या तसा लिहावा; एचटीएमएल एस्केपिंग फक्त एचटीएमएल लिहितानाच करावे.