यंत्र बंद केल्यावर पुन्हा पाणी तपासा
दादा, टाकीतून जमिनीत झिरपलेलं पेट्रोल, बोअरमधून जमिनीखालच्या पाण्यात हवा सोडून वाफेच्या रूपात बाहेर काढायचं, हा तुम्ही सुचवलेला उपाय वाळूत चांगला चालतो. आपल्या नाशकात वर काळी चिकण माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला बसाल्ट. हवा सोपी भेग धरून निघून जाते, बाकीचं पेट्रोल जागच्या जागी. म्हणून आधी एका कोपऱ्यात छोटी चाचणी घ्याच.

खरी परीक्षा हवा सोडणारं यंत्र बंद केल्यावर! मातीत अडकलेलं पेट्रोल हळूहळू पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, पुन्हा वाढतं. काही महिन्यांनी परत पाण्याचे नमुने घ्या. बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तर बेंझिन त्यात उडतं आणि आकडा खोटा कमी येतो. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. इतकं बेंझिन नाकाला कळतसुद्धा नाही. तोवर शेजारच्या विहिरीचं पाणी कुणाला पिऊ देऊ नका.